तळाची धार किती लांब पडते?

‘शास्त्रीय कारणे द्या : धरणाची भिंत तळाशी रुंद असते.’ शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेक प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी सोडवलेला असतो. उत्तरही ठरलेले आहे. द्रवाचा दाब खोलीनुसार वाढत जातो, तळाशी तो सर्वांत जास्त असतो, तो सहन करता यावा म्हणून भिंत तळाशी रुंद बांधतात. एवढे लिहिले की दोन गुण मिळतात.

हे उत्तर मुंबईतली मुलगी लिहिते, आणि भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दजवळच्या गावातली मुलगीही लिहिते. पहिलीने धरण पुस्तकातल्या चित्रात पाहिलेले असते. दुसरीच्या शाळेच्या वाटेवर धरणाची मातीची पाळ दिसते, आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की आवाज घरापर्यंत येतो. दोघींची उत्तरे मात्र शब्दशः सारखी असतात. मग दुसऱ्या मुलीच्या मनात त्या उत्तराचा आणि समोरच्या धरणाचा काही संबंध जुळला आहे का? उत्तरपत्रिकेवरून हे कळायला मार्ग नाही. ते वर्गातच कळू शकते, आणि ते कळून घेणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे शिक्षक.

विज्ञानाचा शिक्षक वर्षानुवर्षे तोच पाठ शिकवतो. दहा वर्षांनी तो त्या पाठात दहा वर्षांइतका पुढे गेलेला असतो, की पहिलेच वर्ष दहा वेळा झालेले असते? हा प्रश्न मोठा आहे. तो हवेत राहू नये म्हणून आम्ही इथे एकच पाठ घेतो : पाण्याचा दाब. आणि एकच ठिकाण घेतो : गोसीखुर्द.

धरण आणि वर्तमानपत्रातले आकडे

वैनगंगेवरच्या या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. जलाशयाला ‘इंदिरासागर’ असे नाव मिळाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर झाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचन अशी त्याची योजना आहे. मधल्या भागात सांडव्याचे ३३ दरवाजे आणि दोन्ही बाजूंना मातीची लांबच लांब पाळ असे त्याचे रूप आहे. पाळीसकट धरणाची लांबी अकरा किलोमीटरच्या वर जाते.

या भागातल्या मुलांच्या कानांवर पावसाळ्यात रोज काही आकडे पडतात. पातळी अमुक मीटर, साठा अमुक दलघमी, विसर्ग अमुक क्युमेक्स. या आकड्यांतच विज्ञानाचे दोन-तीन तास दडलेले आहेत. जलाशयाची पूर्ण भरल्यावरची पातळी २४५.५ मीटर आहे. ‘म्हणजे धरण किती उंच?’ असे वर्गात विचारून पाहा. बरीच मुले ‘२४५ मीटर’ म्हणतील. पातळीचा आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो. नदीच्या पात्रापासून धरणाची उंची त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढीच आहे. उंची कुठून मोजली हे सांगितल्याशिवाय उंचीच्या आकड्याला अर्थ नसतो, ही गोष्ट मुलांना इथे एका वाक्यात कळते. पुढे स्थितिज ऊर्जा शिकवताना ती पुन्हा उपयोगी पडते.

दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. इंदिरासागराची एकूण क्षमता सुमारे ११४६ दलघमी. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर. ‘गावाच्या पाण्याच्या टाकीत किती लिटर मावतात? एक क्युमेकने ती किती सेकंदांत भरेल?’ हे गणित मुले आनंदाने करतात, कारण टाकी त्यांची असते.

एक प्रश्न, तीन उत्तरे

आता दाबाकडे येऊ. धडा सुरू करण्यापूर्वी फळ्यावर एक प्रश्न लिहा :

‘गावातल्या विहिरीत दहा मीटर पाणी आहे. इंदिरासागरात एका जागी पाणी दहा मीटर खोल आहे. दोन्हीकडे तळाशी पाण्याचा दाब मोजला, तर तो कुठे जास्त भरेल?’

प्रत्येक मुलाने आपले उत्तर आणि त्याचे कारण आधी वहीत लिहायचे. शेजाऱ्याशी बोलायचे नाही, हात वर करायचे नाहीत. अशा प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे येतात. पहिले : ‘धरणात जास्त, कारण तिथे पाणी खूप आहे.’ दुसरे : ‘विहिरीत जास्त, कारण ती अरुंद आहे, पाणी दाबून बसलेले असते.’ तिसरे : ‘दोन्हीकडे सारखा, कारण खोली सारखी आहे.’ तिसरे उत्तर बरोबर आहे. पण ‘दाब खोलीनुसार वाढतो’ हे वाक्य पाठ असलेली मुलेही पहिल्या उत्तराकडे वळतात. याचा अर्थ ते वाक्य त्यांना येते, पण खोलीखेरीज दुसरे काही, म्हणजे पाण्याचा एकूण साठा किंवा भांड्याची रुंदी, त्यात मोजायचे नाही हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. धडा काय असतो ते सांगतो, काय नसतो ते क्वचितच सांगतो.

दहा मीटर खोलीवर पाण्यामुळे येणारा दाब किती? एक चौरस मीटर तळाचा, दहा मीटर उंचीचा पाण्याचा खांब मनात उभा करा. त्यात दहा घनमीटर, म्हणजे दहा टन पाणी आहे. ते सगळे त्या एका चौरस मीटरवर टेकलेले आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचे वजन. शेजारी आणखी असे शंभर खांब असोत की शंभर कोटी, या खांबाच्या तळावरचे वजन बदलत नाही. विहीर आणि जलाशय यांच्यात फरक एवढाच, की एकीकडे खांब थोडे आहेत आणि दुसरीकडे मोजता येणार नाहीत इतके.

हे समजावून सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे आहे. एक जुनी बादली आणि तेवढ्याच उंचीचा अरुंद डबा घ्या. दोन्हींना तळापासून सारख्या उंचीवर, एकाच खिळ्याने, सारखे भोक पाडा. दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरा. भोकांवर बोट ठेवा आणि एकदम सोडा. सुरुवातीला दोन्ही धारा सारख्याच लांब पडतात. डब्यातले पाणी लवकर उतरते म्हणून त्याची धार लवकर आखडते, हेही मुले बघतील. त्याचे कारण त्यांनाच विचारा.

‘जोर’ आणि ‘दाब’

पहिले उत्तर देणाऱ्या मुलाला लगेच चूक ठरवण्यापूर्वी थोडे थांबायला हवे. झाडीपट्टीतला मुलगा ‘दाब’ म्हणत नाही. तो म्हणेल, ‘धरनात पान्याचा जोर जास्त रायते.’ आता ‘जोर’ म्हणजे काय? भिंतीच्या एका चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार की अख्ख्या भिंतीला बसणारा रेटा?

रेटा असा अर्थ घेतला तर मुलाचे म्हणणे खरे आहे. वीस मीटर पाणी अडवणाऱ्या उभ्या भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा घेऊ. पाण्याच्या पृष्ठभागाशी दाब शून्य, तळाशी दर चौरस मीटरला वीस टन, म्हणून सरासरी दहा टन. तुकड्याचे क्षेत्रफळ वीस चौरस मीटर. म्हणजे एकूण रेटा दोनशे टन, आणि तो फक्त एक मीटर लांबीवर. धरण जितके लांब तितका हा रेटा वाढत जाणार. मुलगा बोलतो आहे ते बलाविषयी. आपण विचारले ते दाबाविषयी. त्याच्या रोजच्या भाषेत या दोन्हींना एकच शब्द आहे.

इथे शिक्षकापुढे दोन वाटा असतात. ‘चूक, दाब खोलीवर अवलंबून असतो, खाली बस’ ही एक. दुसरी म्हणजे, ‘तू जे म्हणतोस ते भिंतीच्या एकूण रेट्याबद्दल बरोबर आहे. आता मी एका नखाएवढ्या जागेबद्दल विचारतो.’ दुसऱ्या वाटेने गेल्यावर मुलाला बल आणि दाब यांतला फरक आयुष्यभर लक्षात राहण्याची शक्यता आहे, कारण तो फरक त्याच्याच वाक्यातून निघालेला आहे. शिवाय याच गणितातून आणखी एक गंमत निघते. पाण्याची उंची दहा मीटर धरली तर रेटा दोनशेच्या निम्मा, शंभर टन, होत नाही. सरासरी दाब पाच टन, क्षेत्रफळ दहा चौरस मीटर, म्हणून तो पन्नास टन होतो. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो.

जलाशय मागे किती लांब पसरला आहे याचा मात्र या हिशेबात कुठेच संबंध आला नाही. गोसीखुर्दचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत पोहोचतो. तो तिथपर्यंत असो किंवा भिंतीला लागून हातभर रुंदीचेच पाणी तेवढ्या उंचीचे उभे असो, स्थिर पाण्याचा भिंतीवरचा रेटा तोच. हे वाक्य वर्गात सांगा आणि मुलांना वाद घालू द्या.

तीन भोकांचा पाइप

दाब खोलीनुसार वाढतो हे दाखवण्यासाठी शाळेत एक प्रयोग नेहमी केला जातो. उंच भांड्याला वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन भोके पाडायची आणि पाणी भरायचे. अनेक पुस्तकांतल्या चित्रांत तळाची धार सर्वांत लांब पडलेली दाखवतात. मुलेही वहीत तशीच आकृती काढतात.

आता प्रयोग खरोखर करू. शेतात वापरतात तो रुंद पीव्हीसी पाइप सगळीकडे मिळतो. त्याचा पस्तीस सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एका टोकाला टोपण बसवा. जमिनीपासून २५, १५ आणि ५ सेंटिमीटर उंचीवर एकाच खिळ्याने भोके पाडा. पाइप जमिनीवर उभा करा. पाणी ३० सेंटिमीटरपर्यंत भरा आणि वरून ओतत राहून पातळी तेवढीच ठेवा.

काय दिसते? सर्वांत लांब पडते ती मधली धार. वरची आणि तळाची धार जवळजवळ एकाच जागी पडते.

अशा वेळी मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, खालची धार तर लांब नाही पडली.’ विज्ञानशिक्षकाच्या वाढीतला हा कसोटीचा क्षण आहे असे आम्हाला वाटते. ‘भोक नीट पडले नसेल’ असे म्हणता येते. ‘परीक्षेत पुस्तकासारखीच आकृती काढा’ असेही म्हणता येते. दोन्ही वाक्यांतून मुले एकच गोष्ट शिकतात, की प्रयोग आणि पुस्तक यांत भांडण झाले तर डोळे मिटून घ्यायचे. तिसरा मार्ग म्हणजे त्या मुलाला पट्टी देऊन अंतर मोजायला लावायचे आणि फळ्यावर लिहायचे.

कारण अवघड नाही. धार किती लांब पडेल हे दोन गोष्टींवर ठरते. ती किती वेगाने बाहेर पडते, आणि जमिनीवर पडायला तिला किती वेळ मिळतो. तळाच्या भोकावर २५ सेंटिमीटर पाणी आहे, म्हणून तिथून पाणी सर्वांत जोरात सुटते, सेकंदाला सुमारे २.२ मीटर वेगाने. पण जमीन फक्त ५ सेंटिमीटर खाली आहे. सेकंदाच्या दहाव्या भागातच धार जमिनीला टेकते. वरच्या भोकातून पाणी सेकंदाला जेमतेम १ मीटर वेगाने सुटते, पण त्याला २५ सेंटिमीटर पडायचे असल्यामुळे दुपटीहून जास्त वेळ मिळतो. वेग आणि वेळ यांचा गुणाकार दोन्हीकडे साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. मधल्या भोकाला वेगही बरा आणि वेळही बरा, म्हणून त्याची धार ३० सेंटिमीटरपर्यंत जाते. हे हिशेबातले आकडे आहेत. प्रत्यक्षात घर्षणामुळे धारा थोड्या अलीकडे पडतील. क्रम मात्र हाच राहील.

मग पुस्तकातले चित्र चूक का? तोच पाइप ६० सेंटिमीटर उंचीच्या स्टुलावर ठेवा आणि धारा जमिनीवर कुठे पडतात ते पाहा. आता हिशेबाने वरची धार सुमारे ४१, मधली ६७ आणि तळाची ८१ सेंटिमीटर जाते. चित्र बरोबर निघाले! म्हणजे भांडे उंचावर असेल तर पुस्तक खरे आणि जमिनीवर असेल तर मागच्या बाकावरचा मुलगा खरा. दोन्ही वेळा दाबाचा नियम एकच आहे. बदलते आहे ते धारेला पडायला मिळणारे अंतर.

मुळात हा प्रयोग दाब दाखवायला फारसा चांगला नाही, कारण त्यात दोन गोष्टी एकदम बदलतात, भोकावरची पाण्याची खोली आणि जमिनीपासून भोकाची उंची. विज्ञानातला साधा संकेत असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मग तळाचे एकच भोक उघडे ठेवू आणि पाण्याची पातळी बदलू. भोकावर ४ सेंटिमीटर पाणी असताना धार सुमारे ९ सेंटिमीटर जाईल, १६ सेंटिमीटर असताना सुमारे १८. खोली चौपट, धार दुप्पट. आठवीच्या मुलांनी एवढे मोजले तरी पुरे. दहावीच्या मुलांना वर्गमुळाचा संबंध ओळखायला लावता येईल.

रेतीच्या ढिगाचा प्रश्न

आता पुन्हा त्या दोन गुणांच्या प्रश्नाकडे येऊ. तळाशी दाब जास्त म्हणून भिंत रुंद, हे खरे आहे. पण गोसीखुर्दची पाळ पाहणारी एखादी मुलगी विचारू शकते, ‘रेतीचा ढीगही खाली रुंदच असतो. तिथे कुठे पाणी असते?’

या प्रश्नात बरेच काही आहे. सुटी माती किंवा रेती उभी राहत नाही. ती ठरावीक उतारावरच स्थिर राहते, आणि ओली झाली की उतार आणखी सौम्य ठेवावा लागतो. मातीच्या धरणाची रुंदी बरीचशी या कारणामुळे येते. दुसरे कारण पाझराचे. मातीतून पाणी हळूहळू झिरपत असते. पाळ रुंद असली की त्याला लांब वाट काढावी लागते, त्याचा वेग कमी राहतो आणि माती वाहून जात नाही. काँक्रीटच्या किंवा दगडी भिंतीचे गणित आणखी वेगळे. तिथे पाण्याचा रेटा भिंतीला ढकलू पाहतो आणि उलथवूही पाहतो. भिंत स्वतःच्या वजनाने त्याला तोंड देते, आणि पाया रुंद असेल तर ती उलथवणे अवघड जाते. विहिरीचे बांधकाम एवढे जाड लागत नाही, कारण तिला मागून जमिनीचाच टेकू असतो.

भंडाऱ्याच्या मुलांना पाळीचे उदाहरण शोधायला धरणापर्यंत जाण्याचीही गरज नाही. हा तलावांचा जिल्हा आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी या भागात शेकडो तलाव बांधले. माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, म्हणून ते आज ओळखले जातात. धानाच्या बांध्यांना त्यांतून पाणी मिळते. शेताच्या वरच्या अंगाची लहान बोडीदेखील याच तत्त्वावर उभी असते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांनी दोरी आणि काठी घेऊन तलावाच्या पाळीची माथ्यावरची आणि पायथ्याची रुंदी मोजावी, उंची मोजावी, आणि प्रमाणात आकृती काढावी. पाळ बांधणाऱ्यांनी उतार किती ठेवला हे त्या आकृतीतून कळेल. गावातल्या वडीलधाऱ्यांना पाळ कुठे फुटली होती, कशी बुजवली, हे विचारून घ्यावे. पाझराविषयी त्यांना जे ठाऊक असते ते पुस्तकात सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र शिक्षकाने मनात ठेवायला हवी. या खोऱ्यात धरण हे नुसते उदाहरण नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाचे जुने गाव, आजोबांचे शेत, गावचे देऊळ त्या पाण्याखाली असते. दुसऱ्याच्या शेतात कालव्याचे पाणी आलेले असते, तिसऱ्याच्या घरी ते येण्याची वाट पाहिली जात असते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते, म्हणून जलाशयाच्या पाण्याबद्दलही घरोघरी बोलले जाते. हे सगळे दाबाच्या तासात हाताळता येणार नाही, पण कोणी बोलू लागला तर ‘हा आपला विषय नाही’ असे म्हणून त्याला थांबवू नये. पाणी, माती आणि माणसे यांचा संबंध त्या मुलाने स्वतः पाहिलेला असतो. विज्ञान शिकण्याची त्याची खरी गरजही तिथूनच सुरू होते.

शिक्षकाला काय माहीत असावे लागते?

वरचा सगळा खटाटोप पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. दाबाचे सूत्र शिक्षकाला येत होतेच. शिकवण्याच्या पद्धती त्याने बी.एड.ला वाचल्या होत्या. तरी विहिरीचा प्रश्न कुठे विचारायचा, ‘जोर’ या शब्दात काय गुंता आहे, तीन भोकांचा प्रयोग कुठे फसतो, हे या दोहोंपैकी कशातही नव्हते. ते तिसऱ्याच प्रकारचे ज्ञान आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याकडे लक्ष वेधले. विशिष्ट आशय विशिष्ट मुलांना कसा पोहोचतो, कुठे अडतो आणि कोणत्या उदाहरणाने सुटतो, हे ज्ञान फक्त शिक्षकाकडे असू शकते. विषयाच्या संशोधकाकडे ते नसते. दाबाबद्दल आम्ही संशोधक मंडळी तासभर बोलू शकू. पण पवनीच्या आठवीच्या वर्गात कोणते उत्तर येईल हे तिथला शिक्षकच सांगू शकतो.

हे ज्ञान मिळवण्याची पहिली अट म्हणजे मुलांचे ऐकणे, आणि ऐकायला वेळ द्यावा लागतो. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून पाहिले. १९७०च्या दशकातले हे काम प्रसिद्ध आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर दुसऱ्याला विचारायचे किंवा स्वतःच उत्तर सांगायचे. शिक्षकांनी हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणारी मुले बोलू लागली, आणि मुले आपणहून प्रश्न विचारू लागली. तीन सेकंदांना पैसे लागत नाहीत आणि प्रयोगशाळाही लागत नाही. पण चाळीस मुलांसमोर तीन सेकंद शांत उभे राहणे किती जड जाते, ते करून पाहिल्यावरच समजते.

वर्गवही

प्रयोगशाळेत आमच्याकडे एक शिस्त असते. जे केले आणि जे दिसले ते त्याच दिवशी वहीत लिहायचे. फसलेला प्रयोगही लिहायचा, आणि पान फाडायचे नाही. सहा महिन्यांनी त्याच पानावरून नवी कल्पना सुचते. शिक्षकाचा वर्ग ही रोज चालणारी प्रयोगशाळा आहे, पण तिची वही बहुधा नसते. टाचणवहीत ‘काय शिकवणार’ हे असते, ‘काय घडले’ हे नसते.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. साधी शंभर पानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा. मी काय विचारले, मुले काय म्हणाली, मी पुढे काय केले, पुढच्या वर्षी काय बदलायचे. दुसऱ्या रकान्यात मुलांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत लिहा. ‘पान्याचा जोर’ याचे ‘द्रवाचा दाब’ असे भाषांतर करू नका, नाहीतर मुद्दाच हरवेल. रोज लिहिणे शक्य नाही. पाठ पूर्ण करायचे असतात, पेपर तपासायचे असतात, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे असतात. पण सत्रातून एक पाठ निवडला, तरी वर्षाला दोन आणि दहा वर्षांत वीस पाठ होतात. वीस पाठांबद्दल असे ज्ञान असलेला शिक्षक कोणत्याही शाळेला हवाच असेल.

एकट्याने होत नाही

लहान गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञानाचा शिक्षक बहुधा एकटाच असतो. आपली शंका कोणाला विचारावी हे त्याला कळत नाही. आमच्या क्षेत्रात दर आठवड्याला सहकारी एकत्र बसतात आणि एकमेकांच्या कामावर बोलतात. तशी सोय शिक्षकाला हवी.

हे होऊ शकते याचे उदाहरण आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमध्ये विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात पोहोचला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ने तो पुढे चालवला. मुलांनी प्रयोग करून शिकायचे, हा त्याचा गाभा होता. त्याइतकीच महत्त्वाची होती ती शिक्षकांची मासिक बैठक. गावोगावचे शिक्षक एकत्र येत, कोणता प्रयोग फसला ते सांगत, आणि त्यातून पुस्तके सुधारली जात. २००२ मध्ये राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षे तो चालला. महाराष्ट्रात १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शिक्षकांबरोबर काम केले. मुलांना विज्ञान अडते त्याचे एक मोठे कारण पुस्तकाची भाषा हे आहे, या मुद्द्यावर कुलकर्णींनी सतत भर दिला. ‘जोर’ आणि ‘दाब’ यांची गोष्ट त्याच वाटेवरची आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान पन्नास तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. पन्नास तास नुसते व्याख्यान ऐकण्यात गेले तर कागद भरतील, फारसे काही बदलणार नाही. त्यांतले दहा तास जरी तालुक्यातले विज्ञानशिक्षक आपापल्या वर्गवह्या घेऊन बसले, तरी चित्र वेगळे दिसेल. विज्ञान अध्यापक मंडळाच्या बैठकीत प्रदर्शनाची तारीख ठरवून झाल्यावर अर्धा तास उरला, तर त्यातही सुरुवात होऊ शकते. एकाने तीन भोकांचा पाइप आणावा, दुसऱ्याने आपल्या वर्गातली विहिरीच्या प्रश्नाची उत्तरे वाचून दाखवावीत. दोन शाळांतल्या मुलांची उत्तरे सारखी निघाली तर तो योगायोग नाही. निराळी निघाली तर का, हे शोधायला एक कारण मिळेल.

पुढच्या आठवड्यात जमले तर एवढे करून पाहा. विहिरीचा प्रश्न फळ्यावर लिहा, तीन सेकंद थांबा, आणि मुले काय म्हणतात ते वहीत उतरवा. नंतर पाइप जमिनीवर आणि स्टुलावर ठेवून धारा मोजा. तुमचे आकडे आमच्या हिशेबापेक्षा किती वेगळे आले आणि मुलांनी त्याची काय कारणे दिली, ते जरूर कळवा. आम्हाला उत्सुकता आहे ती मागच्या बाकावरच्या मुलांच्या उत्तरांची.